नाव घ्यायचं कुणाचं?

(बचत गट आणि महिला मंडळांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ओळखीच्या खेळांविषयी केलेल्या मांडणीचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय आहे 'ओळखीचे खेळ'. शिबिराच्या वेळापत्रकात हा विषय बहुधा सकाळी साडेनऊ ते दहा असा असतो, आणि त्याचा खरा उपयोग उशिरा येणाऱ्या एस.टी.ची वाट पाहण्यासाठी होतो. सगळ्या वेळेवर आल्या तर खेळ रद्द. उद्घाटनाचे पाहुणे लवकर टपकले तरी खेळ रद्द. झालाच तर, "चला, एकेकीने उठून नाव-गाव सांगा" एवढ्यावर उरकतो. तीस बायका एकामागून एक उठतात, पदर सावरतात, काहीतरी पुटपुटतात आणि खाली बसतात. तिसावी बसते तेव्हा पहिलीचं नाव कुणालाच आठवत नसतं. ही ओळख नव्हे, हजेरी.

आपल्यापैकी ज्या समाजकार्य शिकून आल्या आहेत त्यांना गटकार्याच्या तासाला असे खेळ शिकवलेले असतात. पुस्तकं बहुतेक परदेशातली. त्यातली माणसं खुर्च्यांवर बसतात, छातीवर नावाची चिठ्ठी लावतात, एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि कुणाला काही वाटत नाही. ते खेळ टाकाऊ नाहीत, मीही वापरते. पण आपल्या सतरंजीवर ते आणले की पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं की आपल्याकडे बाईचं नाव ही काही तिच्या एकटीची गोष्ट नसते. ते कुणीतरी दिलेलं असतं, लग्नात कुणीतरी बदललेलं असतं, त्याच्या पुढेमागे नवरा, सासर, जात, वैधव्य असं सगळं चिकटलेलं असतं. म्हणून "नाव सांगा" हा आपण विचारतो तो सर्वांत साधा प्रश्न नाही. तो एखादीला मोकळं करतो आणि एखादीला कोंडीत पकडतो. कुणाला काय होणार हे आपण खेळ कुठला निवडतो आणि तो कसा घेतो यावर ठरतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा तपशील आहे, आणि या कामात तपशीलच महत्त्वाचा.

नाव विचारल्यावर बायका काय सांगतात ते आधी पाहू. कुणी सांगते, "मी पाटलांची धाकटी सून." कुणी म्हणते, "पिंट्याची आई." कुणी शेजारणीकडे बघते आणि शेजारीण तिचं नाव सांगते. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने नवं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे काहीजणी उलट आपल्यालाच विचारतात, "कुठलं सांगू? माहेरचं का सासरचं?" हा प्रश्न आला की मला बरं वाटतं. तिथून चर्चा सुरू करता येते. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा आपल्या देशात नाही, हे सांगितलं की निम्म्या बायकांना खरं वाटत नाही.

कागदावर तर बाई एकटी कधी नसतेच. जुन्या सातबाऱ्यावर आणि फेरफारांत तुम्ही 'कोम' आणि 'भ्र.' पाहिलं असेल. अमकी 'कोम' तमका, अमकी 'भ्र.' तमका. भ्र. म्हणजे भ्रतार. नावाच्या आधीही शिक्का असतोच: कु., सौ., श्रीमती, गं. भा. पुरुष मात्र बोहल्यावर चढण्याआधी श्री., चढल्यावर श्री. आणि बायको गेल्यावरही श्री. विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरावा असा प्रस्ताव २०२३ साली राज्याच्या मंत्र्यांनी पुढे केला होता आणि त्यावर बरीच टीका झाली, हे आठवत असेल. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की १ मे २०१४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव येईल. स्वागतच आहे. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीचं स्वतःचं नाव मात्र पूर्वीच्याच पद्धतीने, म्हणजे तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं ठेवलं आहे. लेकराच्या ओळीत ती आली, स्वतःच्या ओळीत अजून नवराच मधे उभा आहे.

आता उखाण्याकडे येते, कारण महिला मेळाव्यात सगळ्यांत जास्त वापरला जाणारा ओळखीचा खेळ हाच आहे. मराठीत बाईला "नाव घे" म्हटलं की तिने स्वतःचं नाव घ्यायचं नसतं, नवऱ्याचं घ्यायचं असतं. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यातली गंमत आपल्याला दिसतच नाही. मेळाव्याची सूत्रसंचालक माईक घेते, "चला, एकेकीने छान उखाण्यातून ओळख करून द्या," आणि हशा पिकतो. हशा खरा असतो, तो मी नाकारत नाही. उखाण्यात बायकांची केवढी तरी हजरजबाबी बुद्धी साठवलेली आहे. पण हशा पिकत असताना तुम्ही कडेला बसलेल्या बायकांकडे पाहा. जिचा नवरा वारला आहे ती पाण्याची कळशी आणायला उठते. जिचं लग्न झालेलं नाही ती मोबाईल बघायला लागते. दुसऱ्या एका संस्थेच्या प्रशिक्षणात मी निरीक्षक म्हणून बसले होते. तिथे अशी पाळी येत येत एका बाईपाशी आली. नवऱ्याने सोडून नऊ वर्षं झाली होती, पोटगीची केस चालू होती. तिने नवऱ्याचं नाव घेऊन उखाणा म्हटला, अगदी ठसक्यात. टाळ्या पडल्या. नंतर जेवताना ती मला म्हणाली, "नाही घेतलं असतं तर का नाही घेतलं ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा घेतलेलं बरं." त्या प्रशिक्षणाचा विषय होता, परित्यक्ता स्त्रियांचे हक्क.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर इतर ग्रामपंचायतींनीही तसंच करावं असं परिपत्रक राज्य सरकारने काढलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं याविषयी गावं बोलायला लागली. मग आपल्याच सतरंजीवर नवरा असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन रांगा पाडणारा खेळ आपण कशासाठी घ्यायचा?

उखाणा मात्र टाकू नका. त्याचं तोंड फिरवा. "आज प्रत्येकीने स्वतःचं नाव घ्यायचं" एवढंच सांगा. पहिल्यांदा गोंधळ होतो. "म्हणजे कसं? स्वतःचंच?" दोघी-तिघींना एकत्र बसवून दहा मिनिटं द्या. एकीने दुसरीला जुळवून द्यायला हरकत नाही. शेतमजूर बायकांच्या एका गटात असा उखाणा तयार झाला (नाव मी बदललंय):

खुरपं माझ्या हातात, ऊन माझ्या माथ्यावर,
कमल माझं नाव, लिहा हजेरीपटावर.

रोजगार हमीच्या हजेरीपटाचा विषय त्या दिवशी आम्ही काढायच्या आधी त्यांनीच काढला होता. साठीच्या एका आजींनी म्हटला तो असा:

तव्यावरची भाकरी फुगते टम्म,
गंगूच्या नादी लागू नका, तिच्यात आहे दम!

सून त्याच गटात होती. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

सासू-सुनेवरून आठवलं. आपले बचत गट एकाच आळीतले असतात. सासू, सून, चुलत जावा, नणंद सगळ्या एका सतरंजीवर. पुस्तकातला खेळ सांगतो: चेंडू हातात घ्या, समोरच्या व्यक्तीचं नाव मोठ्याने घ्या आणि तिच्याकडे चेंडू फेका. आता सुनेने सासूला नावाने हाक मारायची? ती मारणार नाही, आणि मारली तर संध्याकाळी घरी त्याचा हिशेब होईल. तिथे "आपण सगळ्या समान आहोत" असं भाषण देऊन उपयोग नाही. मी असं करते: खेळाआधी प्रत्येकीने स्वतः सांगायचं की आज मला काय म्हणून हाक मारायची. कुणी म्हणते ताराबाई, कुणी ताराआक्का, कुणी नुसतं तारा. एकदा एका सासूबाईंनी आपलं माहेरचं, लग्नाआधीचं नाव सांगितलं. चाळीस वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं. सुनेची अडचणही सुटली, कारण ते तिच्या सासूचं नाव नव्हतंच. आपलं नाव कसं घ्यायचं हे जिचं तिने ठरवलं की वयाचा मानही राहतो आणि खेळही होतो. आणि आपल्यालाही हा नियम लागू आहे. बायकांना पहिल्या नावाने बोलवायचं आणि स्वतः 'मॅडम' राहायचं, खुर्चीवर बसायचं, असं चालणार नाही. खेळ घेणारीने पहिली पाळी स्वतःची घ्यावी.

चेंडूही रबरी नको. ओढणीचा किंवा फडक्याचा गोळा करा, आणि फेकण्यापेक्षा सतरंजीवरून सरपटत सोडा. गुडघेदुखीवाल्या असतात, गरोदर असतात, मांडीवर लेकरू असतं. लोकरीच्या गुंड्याचा खेळ तुम्हाला माहीत असेल: नाव सांगायचं, धाग्याचं टोक हातात धरून ठेवायचं आणि गुंडा दुसरीकडे सोडायचा, म्हणजे मध्ये जाळं तयार होतं. बहुतेक जणी इथे थांबतात, जाळ्याकडे बोट दाखवून एकीवर चार वाक्यं बोलतात. खरी मजा उलट्या प्रवासात आहे. गुंडा ज्या क्रमाने आला त्याच्या उलट क्रमाने परत पाठवायचा, आणि पाठवताना जिच्याकडून आला तिचं नाव घ्यायचं. नावं पक्की होतात ती तेव्हा. लोकर नसली तर सुतळी चालते.

नावांची साखळी मात्र मला फारशी आवडत नाही. पहिलीने एक नाव सांगायचं, दुसरीने दोन, तिसरीने तीन, असं करत शेवटच्या बाईने सगळी. आपल्या बायका शाळेत फार काळ टिकलेल्या नाहीत. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना शाळा आठवते ती उभं राहून न आलेल्या उत्तरामुळे. शेवटच्या कोपऱ्यात बसलेल्या बाईची छाती धडधडायला लागते, आणि कोपऱ्यात बसलेली बाई बहुधा आधीच घाबरलेली असते. घ्यायचीच असेल तर बारा-पंधरा जणींपेक्षा मोठ्या गटात घेऊ नका, आणि नियम असा करा की अडली तर सगळ्यांनी एकदम नाव ओरडायचं. मग विसरणं ही खेळातली गंमत होते.

त्यापेक्षा आपल्याकडचं 'मामाचं पत्र' घ्या. लहानपणी सगळ्यांनी खेळलेलं. गोल करून बसायचं, एकीने रुमाल घेऊन मागून फिरायचं. आपला बदल एवढाच की जिच्या मागे रुमाल टाकला असेल तिचं नाव पळणारीने घ्यायचं, आणि पकडायला उठलेलीने तिचं. पन्नाशीच्या बायका पदर खोचून धावतात, आणि धावत असताना लाजायला वेळ नसतो. फुगड्या, झिम्मा हेही आहेच. शरीर हललं की आवाज मोकळा होतो. मात्र एक अट. दारात गावातले पुरुष बघत उभे असतील तर हे खेळ घेऊ नका. आधी दार लावा.

आता आडनावाविषयी. आपण सवयीने पूर्ण नाव विचारतो. मिश्र वस्तीतल्या गटात आडनाव हे बाईच्या आधी येऊन बसतं. ते कळलं की माना वळतात, आणि दुपारी जेवायला कोण कुणाच्या शेजारी बसणार, कोण घरून डबा आणल्याचं निमित्त सांगणार, हे तिथेच ठरतं. 'कुठल्या वस्तीवरच्या?' हा प्रश्नही तेच काम करतो. म्हणून पहिल्या दिवशी फक्त नाव. पण याचा उलटा हट्टही नको. "आम्ही इथे आडनाव सांगत नाही, जात मानत नाही" असं सवर्ण कार्यकर्तीला म्हणायला सोपं जातं. एखादी बाई ताठ उभी राहून 'जयभीम' म्हणून आपलं पूर्ण नाव सांगते तेव्हा तो तिचा लढा असतो. तिला थांबवायचा आपल्याला अधिकार नाही. आपण विचारायचं नाही, तिने सांगितलं तर ऐकायचं.

नावामागे जात कशी असते हे पाहायला फार लांब जायला नको. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत याचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बल दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं आणि शूद्राचं तुच्छता दाखवणारं असावं. आणि स्त्रीचं? उच्चारायला सोपं, अर्थ कठोर नसलेलं, मनाला आवडेल असं, मंगल. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला. १९५६ च्या धर्मांतरानंतर वस्त्यावस्त्यांत सुजाता, प्रज्ञा, करुणा, यशोधरा अशी नावं आली, म्हणजे आपली नावं आपणच ठेवायची हा हक्क लोकांनी बजावला.

पण नियम डोक्यातून जात नाहीत. नावाच्या पहिल्या अक्षरावरून स्वतःला विशेषण लावायचा खेळ घेऊन पाहा. सुंदर सुनीता, प्रेमळ प्रमिला, मायाळू मंगल, सोज्वळ सरिता. सोपं, मऊ, मंगल. वर सांगितलेली यादीच पुन्हा बाहेर येते. शिवाय 'अक्षर' म्हटलं की निरक्षर बाई गप्प होते. मी विशेषणाऐवजी विचारते: तुम्हाला काय येतं? "मी रेखा, मला पंक्चर काढता येतं." "मी शकू, मी एकटीने बैलगाडी हाकते." "मला अडलेली शेळी सोडवता येते." एका बाईने बराच विचार करून सांगितलं, "मला काहीच येत नाही." लगेच शेजारची म्हणाली, "अगं, गावातल्या निम्म्या बाया तुझ्याकडून ब्लाऊज शिवून घेतात की!" हे शेजारणीने सांगणं आपल्या दहा भाषणांपेक्षा मोलाचं.

नावाची चिठ्ठी लावायची असेल तर अक्षरांऐवजी खूण काढायला सांगा. तुळस, विळा, चूल, कुलूप, जे मनात येईल ते. लिहिता येणाऱ्या आणि न येणाऱ्या सारख्याच वेड्यावाकड्या चित्रांवर येतात. टाचणीने पातळ फाटतं, म्हणून दोऱ्यात ओवून गळ्यात घाला.

जोडीने परिचय हा खेळ मला सगळ्यात उपयोगी वाटतो आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीतीही वाटते. दोघीदोघींनी पाच-सात मिनिटं बोलायचं, मग मोठ्या गटात एकमेकींची ओळख करून द्यायची. स्वतःबद्दल बोलायला लाजणारी बाई दुसरीबद्दल छान बोलते. पण आपल्या बायकांना कुणी ऐकणारं भेटलं की त्या पाच मिनिटांत पंधरा वर्षांचं सांगून टाकतात. आणि समोरची, भाबडेपणाने, ते सगळं तीस जणींपुढे मांडते: "ह्या अमुक ताई, ह्यांचे मालक दारू पिऊन मारतात, दोनदा घर सोडून गेल्या होत्या." सांगणाऱ्या बाईचा चेहरा मी पाहिलेला आहे. ती दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून हा खेळ घ्यायचा असेल तर शेवटचा एक मिनिट राखून ठेवा आणि प्रत्येकीने जोडीदारणीला विचारायचंच: "ह्यातलं काय सांगू आणि काय नको?" हे विचारायला शिकणं हीच गटातली पहिली शिस्त. पुढे हाच गट एखाद्या बाईचं प्रकरण हाताळणार असतो.

हे मी जरा जास्त ताणून सांगते आहे, कारण नाव सांगण्याचा हक्क आपण मांडतो तसाच नाव न सांगण्याचाही हक्क आहे. निवारागृहात राहणाऱ्या बाईला शोधत तिचे भाऊ फिरत असतात. आंतरजातीय लग्न करून आलेल्या मुली असतात. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या बायकांच्या गटात नाव बाहेर जाणं म्हणजे खोली रिकामी करायची वेळ येणं. अशा स्त्रीची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं हा तर गुन्हाच आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. हे कायदे कार्यकर्त्यांना ठाऊक असतात, पण गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या घातलेल्या बायकांचा ग्रुप फोटो संध्याकाळपर्यंत चार व्हॉट्सॲप गटांवर गेलेला असतो, तेव्हा कुणाला आठवत नाहीत. फोटोआधी चिठ्ठ्या काढा. फोटो नको म्हणणारीला बाजूला व्हायला जागा द्या, तिला कारण विचारू नका.

अशा गटांत मी सांगते, आज स्वतःला हवं ते नाव घ्या. सिनेमातलं घ्या, फुलाचं घ्या, लहानपणी आवडलेल्या बाईंचं घ्या. त्यात खोटं काही नाही. तृतीयपंथी मैत्रिणी आपल्या गटांत येतात तेव्हा तर त्यांनी निवडलेलं नाव हेच त्यांचं नाव. कागदावर जुनं असेल, ते विचारायची आपल्याला गरज नाही. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. आपल्या सतरंजीवर निदान हाक तरी नीट मारू या.

राहिली नावाची गोष्ट. 'माझं नाव कुणी ठेवलं आणि का' हा खेळ फार खोल जातो. सकाळी साडेनऊला घेऊ नका. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, सात-आठ जणींच्या लहान गटांत घ्या. सुरुवात गोड असते. आत्याने कानात सांगितलं, बारशाला घुगऱ्या केल्या. मग कुणीतरी म्हणते, "माझं बारसं झालंच नाही. चौथी मुलगी." नकुशी, नकोशी अशी नावं तुम्ही ऐकली असतील. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा अडीचशेहून अधिक मुलींना जाहीर समारंभात नवी नावं दिली गेली. त्या मुलींनी स्वतः नावं निवडली हे मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं. आपल्या गटात अशी एखादी असली आणि तिने ते सांगितलं, तर लगेच "मग आपण तिला नवं नाव देऊ या" असा उत्साह दाखवू नका. एकदा कुणीतरी न विचारता नाव ठेवलंच आहे. तिला विचारा, तुला काय हवंय. एकीने मला सांगितलं होतं, "हेच राहू दे. नकोशी म्हणाले होते ना? आज त्यांना मीच सांभाळतेय. ऐकू दे त्यांना रोज."

यावर काय बोलायचं असतं ते कुठल्याही पुस्तकात नाही. तिथे गप्प बसता आलं पाहिजे.

आपले खेळ एवढे काळजीपूर्वक का घ्यायचे, असं कुणी म्हणेल. मी दुसऱ्या टोकाकडून पाहते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज द्यायला बाई येते. संरक्षण अधिकारी विचारतात, "नाव?" ती सोबत आलेल्या भावाकडे बघते. "नवऱ्याचं नाव?" ती मान खाली घालते, कारण ते उच्चारायची तिला सवय नाही. भाऊ सांगतो. पुढचे सगळे प्रश्न मग अधिकारी भावालाच विचारतात. काय घडलं, केव्हा घडलं, कुठे लागलं, सगळं भाऊ सांगतो, आणि अर्ज त्याच्या शब्दांत लिहिला जातो. ग्रामसभेत तेच, बँकेत तेच. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना मिळून बरीच वर्षं झाली, तरी सरपंचबाईंचा फोन 'सरपंचपती' उचलतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्याने दिलं त्याच्याकडे सगळं बोलणं जातं. आपल्या सतरंजीवर दहा वेळा, हसत, ओरडत, धावत स्वतःचं नाव घेतलेली बाई तिथे निदान पहिलं उत्तर स्वतः देते. मी हे पाहिलेलं आहे, म्हणून सांगते.

एक व्यवहाराची गोष्ट. हजेरीपत्रक सगळ्यांनाच भरावं लागतं, निधी देणाऱ्यांना पूर्ण नाव, सही, प्रवर्ग सगळं हवं असतं. ते खेळाच्या वेळी फिरवू नका. रकान्यात 'सौ.', 'प्रवर्ग' असलेला कागद हातोहात गेला की सकाळपासून केलेलं सगळं वाया जातं. जेवणानंतर एका बाजूला टेबल लावा आणि एकेकीला बोलवून भरा. अंगठा देणारीला घाई करू नका, तिला सही शिकायची असेल तर कच्च्या कागदावर दोनदा गिरवू द्या.

माझं बोलून झालं. सतरंजी भिंतीकडे ओढा, गोल मोठा करा. रुमाल कुणाकडे आहे? आणि ते दार लावून घ्या जरा.